चकत्यांची किसणी

होळीचा सण उलटला आणि उन्हे तापू लागली, की महाराष्ट्रातील अनेक घरी वाळवणाची लगबग सुरू होते. अंगणात, गच्चीवर आणि शहरात तेवढी जागा नसेल तर खिडकीलगतच्या सज्जातही स्वच्छ धुतलेली जुनी लुगडी अंथरली जातात. त्यांवर पापड, कुरडया, सांडगे ओळीने मांडले जातात. यांपैकी कोणाला काय आवडावे, हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न आहे. परंतु मुलांचे मत बहुधा एकच असते. बटाट्याच्या चकत्या वाळत घातल्या, की राखणीला बसण्यास कोणीही कुरकुर करीत नाही.

या चकत्यांचे सारे यश एका गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे त्यांची जाडी. बटाट्याच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते. हे पाणी उन्हाने उडून गेले तरच चकती वर्षभर टिकते. पातळ चकती लवकर वाळते. जाड चकती वरून वाळल्यासारखी दिसते, पण तिच्या पोटात ओल राहते आणि पावसाळ्यात डब्याचे झाकण उघडावे तो बुरशीचा वास येतो. एका ओल्या चकतीमुळे डब्यातील इतर चकत्याही बिघडतात. तळतानाही तीच गत होते. कढईत एकाच वेळी सोडलेल्या चकत्यांपैकी पातळ चकती करपून जाते, तेव्हा जाड चकती अजून कच्चीच असते. म्हणून चकत्या पातळ हव्यात हे तर खरेच, पण त्याहीपेक्षा त्या सारख्या हव्यात.

आता थोडा हिशेब करून पाहावा. पाच किलो बटाटे आणले आणि प्रत्येक बटाटा सुमारे १०० ग्रॅमचा धरला, तर ते ५० बटाटे होतात. असा बटाटा साधारण सहा सेंटीमीटर लांब असतो. दीड मिलिमीटर जाडीची चकती काढायची म्हटली, तर एका बटाट्याच्या ४० चकत्या पडतील आणि ५० बटाट्यांच्या दोन हजार. सुगरणीचा हात कितीही बसलेला असो, विळीवर दोन हजार वेळा दीड मिलिमीटरचे माप अचूक राखणे कोणालाही साधावयाचे नाही. ज्या कामात एकच कृती पुन्हा पुन्हा, तंतोतंत तशीच करावयाची असते, ते काम मनुष्य उपकरणाकडे सोपवितो. चकत्यांची किसणी हे असेच एक लहानसे उपकरण होय.

तिला किसणी म्हणत असले, तरी ती कीस पाडीत नाही. खऱ्या किसणीच्या पत्र्याला बारीक भोके पाडलेली असतात आणि त्या भोकांच्या वर आलेल्या कडा गाजराचे किंवा रताळ्याचे तंतू ओरबाडून काढतात. चकत्यांच्या किसणीला भोके नसतात. तिला असते एकच आडवे पाते. दोहोंची ठेवण सारखी आणि दोहोंवर भाजी घासण्याची रीतही सारखी, म्हणून जुन्या वस्तूचे नाव नव्या वस्तूला मिळाले. बाजारात तिला वेफर्सची किसणी किंवा स्लायसर असेही म्हणतात, आणि फ्रान्समधील स्वयंपाकी अशाच पाट्याला मँडोलिन म्हणून ओळखतात.

कापण्याच्या साधनांत दोन प्रकार आहेत. सुरी हातात असते आणि भाजी पाटावर स्थिर असते, म्हणजे तेथे पाते चालते. विळीचे उलट आहे. तेथे पाते पायाखालच्या पाटावर ताठ उभे असते आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर नेली जाते. किसणी ही या बाबतीत विळीचीच बहीण म्हणावी लागेल, कारण तिच्यातही पाते जागचे हलत नाही, भाजीच त्याच्याकडे जाते. मात्र तिची मूळ युक्ती स्वयंपाकघरातली नाही, ती सुताराच्या पेटीतली आहे. सुताराचा रंधा ज्याने लक्षपूर्वक पाहिला असेल, त्याला किसणी कशी चालते हे निराळे सांगावे लागणार नाही. रंध्याच्या तळातून पात्याची धार किंचित बाहेर आलेली असते. ती जेवढी बाहेर, तेवढ्याच जाडीची ढलपी लाकडावरून निघते. सुताराने कितीही जोर केला तरी अधिक जाड ढलपी निघू शकत नाही, कारण रंध्याचा सपाट तळ लाकडावर टेकून पात्याला खोल जाण्यापासून अडवितो. हा रंधा उताणा करून ठेवला आणि लाकडाऐवजी बटाटा त्यावरून सरकविला, की झाली किसणी.

किसणीच्या पाट्याचे दोन भाग असतात. पात्याच्या अलीकडचा भाग किंचित खाली असतो आणि पलीकडचा भाग पात्याच्या धारेच्या पातळीत असतो. बटाटा अलीकडच्या भागावर टेकवून पुढे ढकलला, की त्याचा तळचा जेवढा थर धारेच्या खाली असतो तेवढा कापला जाऊन फटीतून खाली पडतो. उरलेला बटाटा धारेवरून सरकत पलीकडच्या भागावर जातो. दोन भागांच्या उंचीत जेवढा फरक, तेवढीच चकतीची जाडी. काही किसण्यांना हा फरक कमीअधिक करण्यासाठी एक मळसूत्र किंवा खटका असतो. साध्या किसणीत तो कायमचा ठरलेला असतो. घरी मुख्यतः वेफर्सच करावयाचे असतील, तर साधी किसणीही पुरेशी होते.

किसणी विकत घेताना हीच फट प्रथम पाहावी. किसणी डोळ्यांच्या रेषेत, उजेडाकडे धरावी. फटीतून दिसणारी उजेडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची असेल तर किसणी चांगली. रेघ एका बाजूला निमुळती होत असेल, तर प्रत्येक चकती एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला कागदासारखी पातळ निघेल. त्यानंतर दोन्ही हातांनी पाट्याला अगदी हलका पीळ देऊन पाहावा. स्वस्तातल्या ठिसूळ प्लास्टिकचा पाटा लवतो, आणि जो दुकानात रिकाम्या हाताखाली लवतो तो घरी बटाट्याच्या दाबाखालीही लवणार. पाटा लवला की फट बदलते आणि ज्या सारखेपणासाठी किसणी घ्यावयाची तोच नाहीसा होतो. रंग, चकाकी आणि पेटीवरचे चित्र यांवरून वस्तू निवडणाऱ्यांच्या घरी अशा किसण्या फडताळात पडून असतात.

पात्याच्या आकाराकडेही पाहिले पाहिजे. काही किसण्यांत पाते पाट्याला काटकोनात, सरळ बसविलेले असते. काहींत ते तिरके असते. काहींत दोन तिरकी पाती मध्ये मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन होतो. हा फरक केवळ शोभेचा नाही. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली, तर साल आत दबते, टोमॅटो चेपतो आणि रस बाहेर येतो. तीच सुरी दाबताना थोडी ओढली, तर साल सहज कापली जाते. धार सालीवरून सरकली पाहिजे, हे यातले मर्म आहे. सरळ पात्याच्या किसणीवर भाजी धारेवर समोरून आदळते, तेथे केवळ दाब असतो. पाते तिरके असले, की हात सरळ पुढे गेला तरी भाजी धारेवरून आडवी सरकत जाते, आणि ओढलेल्या सुरीचे काम आपोआप घडते. मात्र एकाच बाजूला तिरपे असलेले पाते भाजीलाही त्या बाजूला ढकलीत राहते. व्ही आकारात दोन्ही पाती विरुद्ध दिशांना ढकलतात, त्यामुळे भाजी मध्यावर राहते. बटाटा, मुळा, बीट यांना सरळ पातेही चालते. टोमॅटो, पिकत आलेली पपई अशा मऊ वस्तूंना तिरके पाते बरे.

पाते कशाचे आहे, हा पुढचा प्रश्न. पूर्वी विळीचे पाते साध्या पोलादाचे असे आणि आजही अनेक घरी असते. त्याला धार उत्तम येते, पण ओले राहिले की गंज चढतो, आणि कच्चे केळे किंवा कैरी चिरली की पाते आणि फोड दोन्ही काळी पडतात. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड या गावी हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने पोलादात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पोलादावर डोळ्यांना न दिसणारा एक अतिशय पातळ थर बसतो आणि तो आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. तो ओरखडला गेला तरी हवा लागताच पुन्हा तयार होतो. आजच्या बहुतेक किसण्यांची पाती अशाच स्टेनलेस पोलादाची असतात. चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या झिर्कोनियाच्या पांढऱ्या पात्यांच्या किसण्याही मिळतात. ती पाती फार कठीण असल्याने त्यांची धार दीर्घकाळ टिकते, परंतु फरशीवर पडली तर त्यांचे टवके उडतात. ज्या घरात वस्तू वरचेवर हातांतून निसटतात, त्या घराने पोलादच बरे म्हणावे.

मोठी, पाय असलेली, ओट्यावर उभी राहणारी किसणी खानावळीला शोभते. घरासाठी दांडी असलेली, एका हाताने धरता येणारी किसणी पुरे. तिच्या दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूने खाच असावी, म्हणजे ती पातेल्याच्या काठावर अडकते व घसरत नाही. पाट्याची रुंदी मोठ्या बटाट्याला पुरेल एवढी असावी. एकाच पेटीत दहा निरनिराळी पाती देणाऱ्या किसण्या आकर्षक दिसतात खऱ्या, पण नव्याचे नऊ दिवस संपले, की त्यांतले एकच पाते वापरात राहते आणि उरलेली नऊ पाती खणात बोटे कापण्याची वाट पाहत बसतात.

बोटे कापण्याची गोष्ट निघाली, ती येथेच सविस्तर पाहणे इष्ट. स्वयंपाकघरातील साधनांत किसणी दिसायला सर्वांत निरुपद्रवी वाटते. विळीचे पाते उघडे, उभे आणि डोळ्यांसमोर असते. ते पाहताच लहान मूलही आपोआप हात आखडते. किसणीचे पाते पाट्यात झोपलेले असते. एवढेच नव्हे, ज्या क्षणी ते कापते त्याच क्षणी ते बटाट्याखाली झाकलेले असते. चाळीस वर्षे विळीवर बसून ज्या हाताला कधी ओरखडा उठला नाही, तो हात किसणीवर पहिल्या दिवशी कापला जातो, त्याचे कारण हे आहे.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. बटाटा अखंड असतो तेव्हा बोटे पात्यापासून सहा सेंटीमीटर दूर असतात. प्रत्येक फेऱ्यास ती दीड मिलिमीटर जवळ येतात. एका फेऱ्यात हे अंतर कोणाच्याही लक्षात येत नाही. दरम्यान हाताला ताल सापडलेला असतो. पहिले पाच फेरे जपून झालेले असतात, विसाव्या फेऱ्याला हात वेगाने चालू लागतो आणि मन दुसरीकडे गेलेले असते. पस्तिसाव्या फेऱ्याला हाताचा वेग सर्वांत अधिक आणि बोटांचे अंतर सर्वांत कमी, अशी अवस्था येते. अपघात होतो तो बहुधा याच वेळी, आणि तो बोटाच्या टोकाला होतो. विळीने बोटाला चीर पडते. किसणी बोटाच्या टोकाची चकतीच उतरविते. चीर सांधते, उतरलेली कातडी भरून यायला बरेच दिवस लागतात.

म्हणूनच चांगल्या किसणीबरोबर एक पकड दिलेली असते. तिच्या खालच्या बाजूला दाते असतात. ते बटाट्यात रुततात आणि वर हाताला धरण्यासाठी मूठ असते. बटाटा संपत आला तरी मूठ पात्याच्या वरच राहते. खेदाची गोष्ट अशी, की बहुतेक घरी ही पकड पहिल्या आठवड्यातच अडगळीत जाते. तिच्यामुळे हात थोडा सावकाश चालतो, हे खरे आहे. पण सावकाश चालणे हाच तर तिचा उपयोग. ज्या किसणीबरोबर पकड नाही, ती घरी आणू नये; आणलीच असेल, तर दुकानात मिळणारा, न कापला जाणारा विणीचा हातमोजा घालून ती वापरावी.

एका घरी वाळवणाच्या दिवशी आजी किसणीवर बसली होती आणि बारा वर्षांची नात बटाटे सोलून देत होती. आजी प्रत्येक बटाट्याच्या तीसेक चकत्या काढी आणि उरलेला तुकडा बाजूच्या वाडग्यात टाकी. वाडगा भरत चाललेला पाहून नात म्हणाली, “आजी, अजून दहा चकत्या निघतील यातून. वाया कशाला घालवतेस?” आजी म्हणाली, “त्या दहा चकत्या माझ्या बोटाच्या हिश्श्याच्या आहेत, बाळ. राहू देत.” तीस चकत्या म्हणजे साडेचार सेंटीमीटर, उरतो तो दीड सेंटीमीटरचा तुकडा. आजीने पट्टी लावून हे ठरविले नव्हते, पण पट्टी लावली असती तरी हेच उत्तर आले असते.

प्रत्यक्ष चकत्या काढताना प्रथम बटाटा एका बाजूने थोडा कापून सपाट करून घ्यावा, म्हणजे तो पाट्यावर डगमगत नाही. हात कोरडे असावेत, पाट्यावर मात्र पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. ओल्या पाट्यावर बटाटा अडत नाही. पातेले खाली टणक जागेवर ठेवून किसणी त्याच्या काठावर पक्की अडकवावी. फेरा लांब आणि एकसारखा असावा. जोर करू नये, कारण चकतीची जाडी जोराने ठरत नाही, फटीने ठरते. जोराने फक्त हात घसरतो. पकड वापरताना बोटे तिच्या मुठीवरच राहावीत. बटाटा मध्येच अडला, तर पुढे रेटण्याऐवजी मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने हे काम घरातील मोठे माणूस शेजारी असतानाच, पकड लावून करावे, आणि आरंभ काकडीपासून करावा. ती मऊ असते व पात्यावर अडत नाही.

चकत्या पाण्यातच पडू द्याव्यात. कापलेला बटाटा उघडा राहिला, की त्यातील काही द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि तो तांबूस पडतो; पाण्याखाली हवा कमी लागत असल्याने हे टळते. शिवाय कापलेल्या पृष्ठभागावरचे पिष्ट पाण्यात निघून जाते. पातेल्यातील पाणी दुधट होते आणि काही वेळ स्थिर ठेवले, तर तळाशी पांढरा थर बसतो, तेच ते पिष्ट. ते राहिले तर चकत्या एकमेकींना चिकटतात. दोनतीन पाण्यांनी धुतलेल्या चकत्या मिठाच्या उकळत्या पाण्यातून जेमतेम अर्धवट शिजवून काढतात आणि मग उन्हात पसरतात. इतके करूनही कधी कधी चकत्या तळताना लालभडक होतात. त्यात किसणीचा दोष नसतो. शीतगृहात फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातील काही पिष्टाची साखर होते, आणि साखर तेलात लवकर करपते.

केळ्याच्या वेफर्सची रीत याहून निराळी आहे. जळगावकडे किंवा केरळात वेफर्सच्या दुकानांत कारागीर किसणी थेट उकळत्या तेलावर धरून चकत्या पाडताना दिसतो. कच्च्या केळ्याचा चीक चिकट असतो. चकत्या आधी कापून ठेवल्या तर त्यांचा एक गोळा होतो, तेलात एकेक पडल्या तर सुट्या राहतात. पाहणाऱ्याला ती कसरत मोठी सोपी वाटते. परंतु ते वर्षानुवर्षांच्या सवयीचे काम आहे आणि घरी ते कोणीही करून पाहू नये.

किसणी घरात आली, की काही दिवस जे ते तिच्यावर घासण्याचा मोह होतो. मेथी, कोथिंबीर, भेंडी यांना विळीच योग्य. काकडीच्या कोशिंबिरीला तर किसणीही नको आणि चकत्याही नकोत. काकडी हातात धरून सुरीने चोचवली, म्हणजे तिचे बारीक, टचटचीत कण पडतात आणि पाणी बेताचेच सुटते. किसलेल्या काकडीची कोशिंबीर पानात वाढेपर्यंत पाण्यात पोहू लागते.

काम संपताच किसणी धुवावी, कारण वाळलेले पिष्ट पात्याला घट्ट धरते. ती इतर भांड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात कधीही टाकू नये. फेसाखाली पाते दिसत नाही आणि भांडी चाचपणारा हात नेमका त्याच्यावर पडतो. पुष्कळदा तो हात किसणी वापरणाऱ्याचा नसतो, भांडी घासणाऱ्या दुसऱ्याच कोणाचा असतो. ती वाहत्या पाण्याखाली धरून लांब दांडीच्या कुंच्याने, पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेने घासावी, पुसून कोरडी करावी व झाकण घालून ठेवावी. चकत्यांच्या कडा फाटक्या निघू लागल्या, की पाते बोथट झाले असे समजावे. बोथट पाते निर्धोक असते, ही समजूत चुकीची आहे. त्यावर जोर अधिक लावावा लागतो आणि जोराने चाललेला हात घसरला, तर आवरत नाही. सरळ पाते सुटे होत असेल तर धार लावणाऱ्याकडून ते पुन्हा चांगले करून घेता येते. व्ही आकाराचे पाते मात्र बदलावेच लागते.

बोट कापलेच, तर ते स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धुवावे, धुतलेले फडके त्यावर घट्ट दाबून धरावे आणि हात छातीच्या वर उचलून ठेवावा. दहा मिनिटे दाब काढू नये. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी फडके पुन्हा पुन्हा उचलले, तर धरू लागलेली गुठळी निघून येते. हळद किंवा चहाची पूड जखमेत भरू नये. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा बोटाचे टोक उतरले असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हेही त्यांना सांगावे.

त्या घरी दुपारपर्यंत पन्नासही बटाटे झाले. गच्चीवरच्या लुगड्यावर दीड हजार चकत्या पसरल्या गेल्या आणि नात हातात काठी घेऊन कावळ्यांच्या राखणीला बसली. वाडग्यात उरलेले पन्नास तुकडे आजीने मोहरी-हिंगाच्या फोडणीला टाकले, आणि रात्री सर्वांच्या पानात त्यांचीच रस्सा भाजी होती.